आजार जन्मभराचा, औषध बारा आठवड्यांचं

मा. संपादक,
माझ्या आईला वीस वर्षांपासून मधुमेह आहे. चार घास खाल्ले की पोट गच्च. सकाळचं जेवण संध्याकाळी उलटून पडायचं, भाताची शितं जशीच्या तशी. आम्ही वर्षभर 'गॅस' समजून ओवा चावायला देत राहिलो. मधुमेहाने नसा दुबळ्या झाल्या की जठरातलं अन्न पुढे सरकत नाही, या आजाराला गॅस्ट्रोपॅरेसिस म्हणतात, हे फार उशिरा कळलं.

पंचवटीतल्या एका मेडिकलमध्ये मला डॉमपेरिडोन या जठरातलं अन्न पुढे सरकवणाऱ्या गोळीची स्ट्रिप चिठ्ठी न बघताच मिळाली. या गोळीने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अमेरिकेत तिला मान्यता नाही. तिथे या आजारासाठी मान्यता आहे मेटोक्लोप्रामाइडला, तेही 12 आठवड्यांच्या वर नको असा कडक इशारा 2009 पासून आहे, कारण जीभ, ओठ आपोआप हलू लागतात आणि ते कायमचं राहू शकतं. अशाच कामाच्या सिसाप्राइड या औषधावर आपल्याकडे 2011 मध्ये बंदी आली. मग रुग्णाने घ्यायचं काय?

वजन घटवणाऱ्या नव्या इंजेक्शनांचा मात्र केवढा बोलबाला! तीही पोट रिकामं होणं लांबवतात. औषध कंपन्यांनी या दुर्लक्षित आजाराकडेही पैसा वळवावा, आणि अन्न व औषध प्रशासनाने नाशिकच्या दुकानांत चिठ्ठी मागितली जाते का, ते तपासावं.

– एक वाचक, पंचवटी, नाशिक