निखाऱ्यावरच्या मासळीला साखरेचा सॉस कशाला?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

थंडी सुरू झाली की गच्चीवर शेगडी पेटवून चिकन आणि मासळी भाजण्याच्या पाककृती पुरवण्यांतून येऊ लागतात आणि त्यांत ‘बाजारचा बार्बेक्यू सॉस अर्धी वाटी’ ही ओळ बहुधा असतेच. अशा घट्ट, गोडसर सॉसच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३० ते ४० ग्रॅम साखर असते. म्हणजे दोन मोठे चमचे सॉस घेतला तरी तीन चहाचे चमचे साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटना मात्र दिवसभराची वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आसपास ठेवायला सांगते.

आरोग्याचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला, तरी स्वयंपाकाच्या दृष्टीनेही हा सॉस आधी लावणे चुकीचेच आहे. साखर १६० अंशांच्या पुढे तांबूस होऊन लवकरच करपते आणि निखाऱ्यावरची जाळी त्याहून कितीतरी तापलेली असते; त्यामुळे तंगडी बाहेरून काळी आणि हाडाजवळ कच्ची राहते. अमेरिकेतील जाणते आचारी तो शेवटच्या काही मिनिटांतच लावतात, आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्व भागात तर व्हिनेगर आणि मिरचीचा पातळ सॉसच चालतो. आपल्याकडे मात्र त्या गोड सॉसमध्येच रात्रभर मुरवण्याचा सल्ला दिला जातो!

वास्तविक कोकण-गोव्याच्या स्वयंपाकघरात याहून सरस सामग्री आहे. बांगड्याला आडव्या चिरा देऊन कोकमाचे आगळ (खारवलेला आंबट रस), ठेचलेली तिरफळे, हळद आणि लाल मिरचीचे वाटण अर्धा तास लावून ठेवावे. तेलकट मासळीचा उग्रपणा तिरफळाने जसा मोडतो तसा कोणत्याही बाटलीतल्या सॉसने मोडत नाही. (सरबतासाठी मिळणारे गोड अमृतकोकम येथे चालणार नाही.) कोंबडीसाठी कोथिंबीर, हिरवी मिरची, आले-लसूण, मिरी, दालचिनी आणि माडाचे व्हिनेगर यांचे गोव्याचे काफ्रियाल वाटण उत्तम. मटणाला दही आणि कच्च्या पपईचा थोडा कीस पुरतो. आगळात मीठ भरपूर असते, त्यामुळे वरून मीठ जपूनच घालावे.

बाटलीच घ्यायची असेल, तर वेष्टनावरील ‘अ‍ॅडेड शुगर’चा आकडा पाहावा, घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, तेव्हा साखर किंवा ग्लुकोज सिरप पहिल्या दोन-तीन नावांत दिसले की ती बाटली परत ठेवावी. आपल्या पुरवणीतही विकतचा सॉस सुचवताना त्याचा घरगुती पर्याय त्याच चौकटीत छापावा, ही विनंती.

आपली,
एक वाचक, रत्नागिरी