आलेखवर्णनाच्या सरावासाठी परिच्छेद पाठविण्याबाबत सूचना

सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, पुढील सत्रात अर्थशास्त्रीय आलेखांचे इंग्रजीत वर्णन करण्याचा सराव होणार असून, प्रत्येकाने आपल्या आवडीच्या एका आलेखावर स्वतः लिहिलेला परिच्छेद सत्राच्या आदल्या दिवसापर्यंत गटाकडे पाठवावा.

लिहिताना व्याकरणाइतकेच, किंबहुना थोडे अधिकच, आशयाच्या अचूकतेकडे लक्ष द्यावे. महागाईचा दर ८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला म्हणजे किमती उतरल्या असे नव्हे. किमती वाढतच असतात, केवळ त्यांच्या वाढीचा वेग मंदावलेला असतो, त्यामुळे वाक्याचा कर्ता ‘प्राइसेस’ आहे की ‘इन्फ्लेशन रेट’, यावर ते विधान खरे की खोटे हे ठरते. बेरोजगारीचा दर ४ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, तर ती वाढ १ ‘पर्सेंटेज पॉइंट’ची (दोन टक्केवारींमधील थेट फरकाची) असते, तिला ‘१ पर्सेंट’ म्हणणे चूक आहे, कारण मूळ दराच्या तुलनेत ती २५ टक्के भरते. चांगल्या इंग्रजीत लिहिलेल्या प्रबंधांतही ही चूक आढळते, म्हणून तिचा उल्लेख मुद्दाम केला आहे.

दोन चलांमध्ये (बदलत्या राशींमध्ये) सहसंबंध, म्हणजे एकत्र बदलण्याचा कल, दिसताच ‘कॉजेस’ (कारणीभूत ठरते) लिहू नये. कार्यकारणाचा पुरावा नसेल, तर ‘इज असोसिएटेड विथ’ एवढेच म्हणावे.

परिच्छेद १०० शब्दांच्या आत असावा. यंत्राकडून भाषांतरित केलेला मजकूर कृपया पाठवू नये. भाषा अडखळती असली तरी चालेल, कारण चर्चा त्या अडखळण्यावरच करायची आहे. शेवटी आकडेवारीचा स्रोत आणि वर्ष अवश्य नमूद करावे.