आईच्या झोपेची वही

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

बाबा गेल्यानंतर आई संध्याकाळी साडेसातलाच अंथरुणाला पाठ टेकायची आणि पहाटे दोनपासून उजाडेपर्यंत टक्क जागी पडून राहायची. तिचे जेवण तुटले, तुळशीला पाणी घालणे सुटले, शेजाऱ्यांची नावेही आठवेनाशी झाली. वय झाले की असे होतेच, असे आम्ही सगळेच म्हणत राहिलो. कोणा डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली. तिच्या गुंगीत आई न्हाणीघरात पडली आणि त्या धास्तीने तिने उंबरा ओलांडणेच सोडले.

हे म्हातारपण नसून नैराश्य असू शकते, हे आम्हाला प्रथम घरी येणाऱ्या समुपदेशक म्हणून आपण सांगितले. थायरॉइड, बी-12 आणि साखर तपासून घ्यायला लावली, डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी हळूहळू कमी करवली, आणि मग आईच्या हाती एक वही दिली. अंथरुणात किती वाजता गेले, झोप केव्हा लागली, जाग केव्हा आली, एवढेच तिने लिहायचे होते. साडेदहा तास अंथरुणात आणि झोप जेमतेम पाच तास, हे आठवडाभरात तिच्याच अक्षरात समोर आले. झोप आल्याशिवाय आडवे व्हायचे नाही आणि उठायचे मात्र रोज साडेपाचला, हा आपला नियम तिने पुढे कसोशीने पाळला.

परंतु मी सर्वांत ऋणी आहे तो तिसऱ्या भेटीसाठी. सध्या कसली काळजी वाटते, असे आपण विचारलेत, तेव्हा कुटुंब निवृत्तिवेतनासाठी द्यायचा हयातीचा दाखला तिच्या मनात घर करून असल्याचे कळले. मी तो मोबाइलवरून पाच मिनिटांत करून देतो म्हणालो आणि आपण मला हळूच थांबवलेत. बँकेत जाण्याचे किती मार्ग आहेत, प्रत्येकात अडचण कोणती, सोबत कोणाची घ्यायची, हे आपण तिच्याकडूनच काढून घेतले. शेजारच्या काकूंबरोबर रिक्षाने जाऊन ती दाखला देऊन आली. त्या दिवशी कित्येक महिन्यांनी तिने स्वतःहून ताट वाढून घेतले.

या पद्धतीमागे गोव्याच्याच भूमीवर झालेले काम आहे, हे आपल्यामुळे समजले. मानसिक आरोग्यासाठी काम करणारी ‘संगाथ’ संस्था आणि अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठातील संशोधकांनी साठ वर्षांवरील, नैराश्याची सौम्य लक्षणे असलेल्या 181 जणांबरोबर केलेला, 2019 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मी वाचला. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षित समुपदेशकांनी तिथे समस्या सोडवण्याची आणि झोप सावरण्याची हीच रीत शिकवली. वर्षभरात तीव्र नैराश्य त्यांच्या गटातील 91 पैकी 4 जणांना आले, तर नेहमीचीच देखभाल मिळालेल्या 90 पैकी 13 जणांना. मानसोपचारतज्ज्ञ तालुक्याच्या गावीही सहज भेटत नाहीत अशा आपल्या भागात, दारापर्यंत येणाऱ्या आपल्यासारख्या व्यक्तीचे मोल यावरून कळते.

बाबांच्या आठवणीने आईला अजूनही रडू येते. वही मात्र ती रोज भरते. यंदा गणेश चवथीला नेवऱ्या, म्हणजे करंज्या, करायच्या असे तिने ठरवले आहे आणि आपण घरी यावे, असा तिचा निरोप आहे.

आपला कृतज्ञ,
आईचा थोरला मुलगा