हस्तकलेची ऑनलाइन विक्री: हिशेब, फोटो आणि खोका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

‘घरबसल्या आपली कला विका’ अशा आशयाचे लेख वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत वरचेवर छापून येतात. खाते कसे उघडावे, फोटो कधी टाकावेत, अनुयायी कसे वाढवावेत हे त्यांत असते. आम्ही दोघे जलरंगातली चित्रे आणि चाकावरची मातीची भांडी करतो आणि ऑनलाइन विकतो. या लेखांतून जे सुटते, नेमके तिथेच नवख्यांचे नुकसान होते, म्हणून हे पत्र.

मूळ अडचण एकच आहे. दुकानात गिऱ्हाईक कप हातात घेते, वजन जोखते, काठावरून बोट फिरवते, चित्र उजेडात धरते. ऑनलाइन विक्रीत यातले काही होत नाही. हाताने जे क्षणात कळले असते ते सगळे विकणाऱ्याने आकड्यांत आणि फोटोंत द्यावे लागते. शिवाय वस्तू त्याच स्थितीत पोचवावी लागते. किंमतही या कामाचे तास धरूनच ठरवायला हवी.

आधी किमतीबद्दल. चाकावर एक कप उभा करायला पाच-दहा मिनिटे पुरतात आणि बहुतेक जण तेवढाच वेळ मोजतात. पण आधी माती मळायची असते. दुसऱ्या दिवशी बुड खरवडायचे, कान लावायचा, सावकाश सुकवायचे. मग पहिली भाजणी, झिलई (भाजल्यावर काचेसारखा होणारा चकचकीत थर), दुसरी भाजणी, बुड घासणे, फोटो, वर्णन, प्रश्नांना उत्तरे आणि शेवटी पॅकिंग. एकेका कपामागे हे सहज तासाच्या वर जाते. त्यात भट्टीतली तूट धरायला हवी. वीस कप घातले आणि सतरा चांगले निघाले, तर सतरा कपांनी वीस कपांचा खर्च उचलायचा असतो, म्हणजे प्रत्येकाचा खर्च सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. चित्रांचेही तसेच आहे. फसलेला कागद फुकट येत नाही.

कमिशनचा हिशेब तर जवळजवळ सगळेच चुकतात. हातात १०० यायला हवेत आणि संकेतस्थळ १५ टक्के घेणार असेल, तर लोक किंमत ११५ लावतात. पण कमिशन ११५ वर कापले जाते, १७.२५ जातात आणि हातात ९७.७५ उरतात. १०० ला ०.८५ ने भागायचे, उत्तर ११७.६५. प्रत्येक वस्तूवर दोन-सव्वादोन टक्क्यांची ही गळती वर्षभर कोणाच्या लक्षात येत नाही. पाठवणीच्या खर्चावरही कमिशन लागते का, पैसे जमा करण्याचे शुल्क वेगळे आहे का, हे नियमावलीत आधी वाचावे. दर बदलतात तेही ध्यानात ठेवावे. हस्तकलेच्या विक्रीसाठी २००५ मध्ये सुरू झालेल्या ‘एट्सी’ या संकेतस्थळाने आपले व्यवहारशुल्क २०१८ मध्ये ३.५ वरून ५ टक्के आणि २०२२ मध्ये ६.५ टक्के केले. दर बदलला त्याच दिवशी सगळ्या किमती पुन्हा भागून काढाव्यात.

आता फोटो. सुंदर फोटो आणि खरा फोटो यांत फरक असतो. परत येणाऱ्या वस्तूंत ‘रंग वेगळा निघाला’ हे कारण नेहमीचेच. याचे मूळ बहुधा मिश्र उजेडात असते. खिडकीतून निळसर आणि दिव्यातून पिवळा उजेड एकाच वेळी पडला की कॅमेरा दोन्हींच्या मधले काहीतरी पकडतो. खोलीतले दिवे बंद करावेत. थेट ऊन न येणाऱ्या खिडकीजवळ वस्तू ठेवावी आणि समोरच्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करावा. एका फोटोत १८ टक्के राखाडी कार्ड ठेवून त्यावरून पांढऱ्याचा तोल (व्हाइट बॅलन्स) साधावा आणि तोच तोल बाकीच्या फोटोंना लावावा. फोन स्वतःहून रंग भडक करतो, ती सोय बंद ठेवावी. चित्राचा फोटो जवळून घेतला तर कडा बाहेर फुगतात. दीड-दोन मीटर मागे सरून दुप्पट झूमवर, कॅमेरा चित्राला अगदी समांतर धरून घेतला तर चौकट सरळ येते. झिलईवरची चकाकी घालवायला खिडकीवर पातळ पांढरे कापड किंवा ट्रेसिंग पेपर लावला की काम होते.

काही रंग मात्र पडद्यावर येतच नाहीत. झळाळता फिरोजी आणि प्रखर गुलाबी हे नेहमीच्या पडद्याला दाखवता येणाऱ्या रंगांच्या कक्षेबाहेर पडतात, कितीही दुरुस्ती केली तरी. तिथे शब्दांत लिहावे: ‘प्रत्यक्षात हा निळा अधिक हिरवट आहे.’ एवढ्या एका वाक्याने परतीचे पार्सल टळते. भांड्याच्या बुडाचा फोटो, हातात धरलेल्या वस्तूचा फोटो आणि काही उणीव असेल तर तिचा जवळून घेतलेला फोटो, हे तीन चुकवू नयेत.

वर्णनात ‘मध्यम आकार’ असे लिहिणे म्हणजे काहीच न लिहिणे. उंची, काठाचा व्यास, वजन आणि काठोकाठ भरल्यावर किती मिली मावते, हे मोजून लिहावे. मागणीनुसार काम घेणाऱ्या कुंभारांसाठी इथे एक मोठा फसवा खड्डा आहे. उच्च तापमानाला, म्हणजे १२०० ते १२५० अंश सेल्सिअसला भाजायची माती ओल्यापासून पक्क्यापर्यंत साधारण १२ टक्के आकसते. दहा सेंटीमीटरचा कप ८.८ होतो, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण मावणारे पाणी तिन्ही बाजूंनी घटते. ०.८८ चा घन केला तर ०.६८ येतो, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश जागा गेली. पक्क्या कपात ३०० मिली हवे असेल तर ओला कप ४४० मिलीचा लागतो. आपल्या मातीचे आकसणे १० सेंटीमीटरची रेघ ओढलेली पट्टी भाजून एकदा मोजून घ्यावे. मातीची नवी खेप आणली की पुन्हा मोजावे.

भट्टीतून निघालेले भांडे त्याच दिवशी विक्रीला लावू नये. थंड होताना झिलई मातीपेक्षा जास्त आकसत असेल तर ती ताणाखाली राहते आणि तिच्यावर केसासारख्या तड्यांचे जाळे पडते, कधी कधी कित्येक दिवसांनी. गिऱ्हाइकाला वाटते, आपल्या हातून बिघडले किंवा फुटके पाठवले. दोन आठवडे थांबावे आणि प्रत्येक खेपेतला एक नग उकळत्या पाण्यातून बर्फाच्या पाण्यात घालून पाहावा. खाण्यापिण्याच्या भांड्याच्या झिलईवर २४ तास व्हिनेगर ठेवावे. रंग किंवा चकाकी बदलली तर ते भांडे शोभेचे म्हणूनच विकावे. या चाचणीत टिकले म्हणजे निर्धोक ठरले असे मात्र नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत शिसे, कॅडमियम यांची तपासणी लागते. ती केलेली नसेल तर ‘खाण्यासाठी सुरक्षित’ हे शब्द वर्णनात लिहिण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

चित्रकारांनी रंगाचे व्यापारी नाव लिहून भागत नाही. ट्यूबवर रंगद्रव्याचा क्रमांक असतो, तो पाहावा. पीआर ८३, म्हणजे जुना अलिझरीन क्रिमझन, उजेडात फिका पडतो. ऑपेरा गुलाबीतला झगमगता भाग तर फारच लवकर उडतो. एएसटीएम या मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकात प्रकाशटिकाऊपणाची (उजेडात रंग न उडण्याची) पहिली किंवा दुसरी श्रेणी असलेलेच रंग विक्रीच्या चित्रात वापरावेत. आपल्या रंगांची स्वतःची पट्टी करून तिचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाकावा आणि ती खिडकीत तीन महिने ठेवावी. मग कोणता रंग कसा टिकतो ते डोळ्यांना दिसते. कागद आम्लमुक्त आहे का, सुती आहे का, दर चौरस मीटरला किती ग्रॅमचा आहे, चित्र मूळ आहे की छापील प्रत, हे पहिल्या दोन ओळींत यावे. छापील प्रतीला ‘चित्र’ म्हणून मोघम विकणे ही फसवणूकच आहे.

आता पॅकिंगकडे येतो, कारण सर्वांत जास्त नुकसान इथेच होते आणि लेखांत याला जेमतेम एक वाक्य मिळते. ‘नाजूक वस्तू’ची चिठ्ठी लावून निर्धास्त राहू नये. पार्सले पट्ट्यांवरून सरकतात, एकमेकांवर पडतात, त्यांच्यावर जड खोकी रचली जातात. खोका कंबरेच्या उंचीवरून कोपऱ्यावर पडणार हे धरूनच बांधावा.

कपाचा पहिला घाव कानावर बसतो. म्हणून आधी कानाच्या पोकळीत कागदाची घट्ट वळी भरावी, कपाच्या आतही कागद ठासावा आणि मग बबल रॅपचे दोन वेढे द्यावेत. कप लहान खोक्यात न हलता बसला पाहिजे. तो खोका मोठ्या खोक्यात ठेवून सहाही बाजूंनी पाच सेंटीमीटर जागा चुरगळलेल्या कागदाने दाबून भरावी. एकाच मोठ्या खोक्यात सैल भरणीत ठेवलेला कप वाटेतल्या धक्क्यांनी हळूहळू खाली सरकतो आणि बुडाशी टेकतो. तिथून काठाचा टवका उडायला एक आपट पुरते. तळाच्या आणि वरच्या जोडावर चिकटपट्टी इंग्रजी एच अक्षरासारखी लावावी. बंद खोका कानाशी धरून हलवावा. आवाज आला तर उघडून पुन्हा भरावा. नव्या पद्धतीने बांधलेला पहिला खोका सदोष नग घालून स्वतःच पाडून पाहावा, आधी कोपऱ्यावर, मग कडेवर.

या खोक्याचा खर्च किमतीत धरताना वजनाचा काटा फसवतो. अनेक कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात, आणि ते उत्तर खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर त्यावर भाडे घेतात. आतला खोका १६ गुणिले १४ गुणिले १४ असेल, तर बाहेरचा २६ गुणिले २४ गुणिले २४ होतो. म्हणजे एक किलोपेक्षा हलक्या पार्सलला तीन किलोचे भाडे. दोन कप शेजारी ठेवून एकत्र पाठवले तर सुमारे ४.७ किलो, दोन-दोनच्या ओळींत चार पाठवले तर सुमारे ७.५. एकट्या कपापेक्षा जोडी विकायला ठेवणे का परवडते, ते इथे दिसते. चित्राला मात्र हा नियम फारसा छळत नाही. २८ गुणिले ३८ सेंटीमीटरचे जलरंगातले चित्र सपाट बांधले तर हे मापांवरून काढलेले वजन पाऊण किलोच्या आत राहते.

तेवढ्या चित्रासाठी प्रत्येक बाजूला पाच सेंटीमीटर मोठे असे पन्हळीच्या पुठ्ठ्याचे दोन तुकडे घ्यावेत. एकाची पन्हळ उभी आणि दुसऱ्याची आडवी ठेवावी, म्हणजे पार्सल कोणत्याच दिशेने दुमडत नाही. चित्र आम्लमुक्त पाठपुठ्ठ्यासह प्लास्टिकच्या पाकिटात घालून कागदी कोपऱ्यांनी पुठ्ठ्यावर अडकवावे. चित्राला चिकटपट्टी लावू नये. कागद पुरता वाळल्याशिवाय पाकीट बंद केले तर आतल्या ओलीने बुरशीचे ठिपके येतात. निदान पूर्ण एक दिवस थांबावे, हवा दमट असेल तर आणखी. ॲक्रिलिकचे रंग वाळल्यावरही उष्णतेने मऊ पडतात आणि उन्हात उभ्या गाडीत बबल रॅपचे गोल ठसे चित्रावर कायमचे उमटतात. त्यावर आधी सिलिकॉनचा थर असलेला कागद घालावा आणि बबलची बाजू बाहेर ठेवावी. कॅनव्हास गुंडाळायचाच झाला तर रंगाची बाजू बाहेर ठेवून जाड नळीवर गुंडाळावा. रंग आत राहिला तर तो दाबला जाऊन भेगाळतो. चौकटीला काच असेल तर तिच्यावर कागदी चिकटपट्टीची जाळी लावावी, म्हणजे फुटली तरी तुकडे चित्र फाडत नाहीत. काचेऐवजी ॲक्रिलिकचा पत्रा बरा, पण पेस्टल आणि कोळशाच्या चित्रावर नाही. त्याची स्थिर वीज रंगाची पूड ओढून घेते.

बांधणीच्या प्रत्येक टप्प्याचा फोटो काढून ठेवावा. भरपाई मागताना तोच पुरावा. शिवाय फुटून आलेल्या नगाचा तडा कुठून निघाला ते पाहिले की भरण कुठे कमी पडली तेही समजते.

दोघे मिळून काम करत असतील तर एकच वही हवी, प्रत्येक वस्तूला क्रमांक हवा. एकच नग दोन संकेतस्थळांवर लावला आणि एका जागी विकला गेला, तर दुसरीकडून तो त्याच मिनिटाला काढायचा, पैसे मोजायचे नंतर. आणि पॅकिंग करणाऱ्याचे तास चाकावर बसणाऱ्याच्या तासांच्याच दराने लिहावेत. ते लिहिले जात नाहीत म्हणूनच किंमत कमी निघते आणि घरात कुरबूर होते.

आपल्या पुरवणीत या विषयावर पुढचा लेख येईल तेव्हा त्यात निदान एका वस्तूचा पूर्ण हिशेब छापावा: तास, तूट, कमिशन, खोक्याची मापे, भाडे आणि हातात उरलेली रक्कम. शेजारी बांधलेल्या खोक्याचा आडवा छेद दाखवणारे साधे रेखाचित्र द्यावे. त्यासाठी कोणाला मापे हवी असतील तर आम्ही आनंदाने देऊ.

आपले,
दोन हस्तकलाकार
(जलरंग आणि मृत्तिकाकाम)