सक्ती केली, मग परवान्याचे काय?

संपादक महोदय,

जमिनीलगत उडणाऱ्या विमानांच्या तंत्रज्ञानावरील पेटंट वादाची आपली बातमी वाचली. तिच्यात दोन गोष्टींची गल्लत झाली आहे. डोंगरदऱ्यांच्या चढउतारांबरोबर रडारच्या भरवशावर खालून उडणे हे लढाऊ विमानांचे काम. अमेरिकेचे एफ-१११ हे दोनशे फुटांवरून आपोआप तसे उडत असे. प्रवासी विमानातली यंत्रणा याच्या उलट, जमीन जवळ आली की ओरडणारी. ही यंत्रणा बनवणाऱ्या हनीवेल कंपनीने २००२ मध्ये युनिव्हर्सल एव्हिऑनिक्स आणि सँडेल या कंपन्यांवर लावलेला दावा या दुसऱ्या यंत्रणेचा होता. एव्हिऑनिक्सच्या, म्हणजे विमानातील इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या देखभालीत हयात घालवल्यामुळे लिहितो आहे.

जमीन जवळ आल्याचा इशारा देणारी जुनी यंत्रणा, जीपीडब्ल्यूएस, रेडिओ लहरींनी उंची मोजणाऱ्या अल्टिमीटरवर चाले आणि तो फक्त खाली पाहतो. समोरचा कडा त्याला दिसतच नाही. डिसेंबर १९९५ मध्ये कोलंबियातील कालीजवळ अमेरिकन एअरलाइन्सचे बोइंग ७५७ डोंगरावर आदळून १५९ जण गेले. इशारा वाजला होता, पण धडकेआधी जेमतेम बारा-तेरा सेकंद. वैमानिकांनी नाक वर खेचले, मात्र पंखांवरचे उघडे स्पीडब्रेक, म्हणजे वेग कमी करणाऱ्या झडपा, मिटायचे राहून गेले. समोरचा डोंगर न दिसण्याचा दोष हनीवेलचे अभियंते डॉन बेटमन यांनी आधीच हेरला होता. भूभागाच्या उंचीचा नकाशा विमानातच ठेवायचा आणि जीपीएसवरून आपली जागा पाहून पुढचा डोंगर ओळखायचा, हा त्यांचा तोडगा. त्यासाठी सोव्हिएत काळातली लष्करी माहितीही विकत घेतली गेली. अशा माणसाच्या कामाचे पैसे त्याच्या कंपनीला मिळू नयेत, असे मी मुळीच म्हणणार नाही.

माझी हरकत वेगळी आहे. अमेरिकेच्या एफएए या विमान नियामक संस्थेने २००० मध्ये नियम काढून ही यंत्रणा सक्तीची केली. सहा किंवा अधिक प्रवासी आसनांच्या टर्बाइन विमानांना मार्च २००५ ची मुदत दिली. म्हणजे गिऱ्हाईक सरकारने धरून आणले, आणि मुदत तोंडावर असतानाच दुसऱ्या उत्पादकांवर दावा लागला. अपिलाचा निकाल २००७ मध्ये आला, तोही अर्धामुर्धा. काही मुद्दे पुन्हा खालच्या कोर्टात गेले. मुदत तर केव्हाच उलटून गेली होती!

त्याच अमेरिकेत सरकारसाठी होणाऱ्या वापराला पेटंटधारक अडवू शकत नाही. वाजवी भरपाई मागणे एवढेच त्याच्या हातात असते. एफ-१११ च्या रडारवर कुणी हक्क सांगितला असता, तरी विमान हँगरमध्ये बसले नसते. जी मुभा लढाऊ विमानाला, ती प्रवाशांचा जीव वाचवणाऱ्या डब्याला का नाही?

मोबाइल दूरसंचाराची मानके ठरवताना वाजवी दराने कोणालाही परवाना देण्याची हमी पेटंटधारकांकडून आधीच मागतात. विमान नियामकांनीही सक्तीचा नियम काढण्यापूर्वी तशी हमी लेखी घ्यावी. दर किती असावा, यावर मग कोर्टात खुशाल वर्षानुवर्षे भांडावे.

– एक निवृत्त एव्हिऑनिक्स तंत्रज्ञ