मॅडम, तुम्ही आईलाही खुर्चीवर बसवलंत

डॉक्टर मॅडम,
सा. न. वि. वि.

हे पत्र श्रावणापासून लिहायचं राहिलंय. समोर येऊन बोलावं तर ग्रामीण रुग्णालयातल्या तुमच्या दाराशी कायम रांग, आणि मागचा माणूस गाल धरून उभा. म्हणून हे असं सगळ्यांदेखत.

मी तुम्हाला आठवणार नाही. तोंड आलेल्या बाया तुम्ही रोज बघता. मी शाळेत शिकवते. दर महिन्याला तीन-चार फोड ठरलेले, खालच्या ओठाच्या आत नाहीतर जिभेच्या कडेला. तुरीच्या डाळीएवढे, मधे पिवळट पांढरे, भोवती लाल रेघ. आमटीचा घास घेतला की डोळ्यांतून पाणी. घरचं निदान पक्कं होतं: उष्णता. मग जाईचा पाला चावून झाला, तूप लावून झालं, सब्जा पिऊन झाला. मेडिकलमधून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि तेवढ्यापुरतं बधिर करणारं जेल, हे दोन वर्षं चाललं. (जाईच्या पाल्याने बरं वाटतं असं मी अजूनही म्हणते. तुम्ही हसलात तरी.)

तुम्ही औषध लिहायच्या आधी विचारत बसलात. एक फोड किती दिवसांत जातो? दहा दिवसांत. पुन्हा त्याच जागी येतो की जागा बदलतो? बदलतो. सांधे, डोळे, अंगावर आणखी कुठे जखमा? जुलाब, वजन उतरणं? नाही. मग रक्त तपासायला पाठवलंत. हिमोग्लोबिन ९ आणि बी-१२ तळाला. म्हणजे ती ‘उष्णता’ निघाली रक्तातली कमतरता. इंजेक्शनं, लोहाच्या गोळ्या, कमी फेसाची टूथपेस्ट, आणि एक मलम. तेही कसं लावायचं ते दाखवलंत: फोड कापसाने कोरडा करायचा, चुरचुरायला लागल्या दिवशीच लावायचं, वर अर्धा तास पाणीसुद्धा नाही. मी आजवर ओल्या तोंडात मलम लावून ते गिळत होते.

आता मुद्द्याचं. आई त्या दिवशी फक्त सोबतीला आली होती. बाकावर पिशवी सांभाळत बसलेली. तुम्ही म्हणालात, “आलाच आहात तर तुमचंही बघते.” आई म्हणाली, “मला काही दुखत नाही.” त्यावर तुम्ही म्हणालात, “म्हणूनच बघते.”

आई माळकरी. चातुर्मासात कांदा-लसूण बंद, मिश्री मात्र एकादशीलाही चालू. तव्यावर तंबाखू भाजायची, पूड करून डबीत भरायची आणि सकाळी बोटाने दातांना. माझ्या जन्मानंतर दाढ दुखत होती म्हणून कुणीतरी लावायला दिली, ती चाळीस वर्षं सुटली नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली, तेव्हा गावभर चर्चा झाली, पण आमच्या घरात मिश्रीला कुणी तंबाखू म्हणत नव्हतं. ते दात घासणं होतं.

तुम्ही गॉझमध्ये जीभ धरून दोन्ही कडा पाहिल्यात, जिभेखाली बोट फिरवलंत, गळ्याच्या गाठी चाचपल्यात. खालचा ओठ उलटा केल्यावर हिरडीच्या खोबणीत पांढरा, खरबरीत चट्टा दिसला, अंगठ्याच्या नखाएवढा. तुम्ही तो गॉझने पुसून पाहिलात. निघाला नाही.

ते पुसणं मला तेव्हा कळलं नव्हतं. नंतर मामांच्या तोंडात दह्याच्या कवडीसारखं पांढरं दिसलं, ते पुसल्यावर निघालं आणि खाली लालभडक. ते बुरशीचं. दम्याचा पंप घेतल्यावर ते चूळ भरत नव्हते. बुरशीवरच्या थेंबांनी आठवड्यात बरं वाटलं. आईचा चट्टा त्यातला नव्हता.

तुम्ही घाबरवलं नाहीत, पण सोडलंही नाहीत. चट्ट्याजवळचा अणकुचीदार दात घासून गुळगुळीत केलात, मिश्री बंद सांगितलीत आणि दोन आठवड्यांनी बोलावलंत. चट्टा तसाच होता, तेव्हा तुकडा काढून तपासायला हवा म्हणालात. घरी हलकल्लोळ. तुकडा काढला की पसरतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ‘माहीत’ असतं. काका तर म्हणाले, सुखी जिवाला सुरी कशाला. तुम्ही त्यांना आत बोलावलंत आणि सांगितलंत, की पसरायचं ते तुकड्याने पसरत नाही, उशिराने पसरतं. माझे फोड पंधरा दिवसांच्या आत आपोआप जातात म्हणून ते साधे. जी जखम किंवा जो चट्टा तीन आठवड्यांत हलत नाही, तो दुखो न दुखो, दाखवायचा. काका गप्प झाले. आमच्या काकांचं गप्प होणं ही केवढी घटना, ते तुम्हाला कळायचं नाही.

रिपोर्टमध्ये कॅन्सर नव्हता. पेशींमध्ये सुरुवातीचा बदल होता. मी तो कागद वाचत होते आणि हात थरथरत होते, कारण मला एकच दिसत होतं. दोन वर्षं घरात माझ्या फोडांचं कौतुक चाललं होतं. मी कळवळायचे म्हणून माझ्यासाठी ताक, मऊ भात. आणि ज्या तोंडात खरं काही चाललं होतं, ते मजेत ठेचा खात होतं.

मिश्री सुटायला त्रास झाला. पहिला आठवडा आई चिडचिडी, पोट साफ होईना, डोकं दुखे. तुम्ही दिलेली बडीशेप-लवंगेची युक्ती तिने तीन दिवस पाळली आणि मग डबी शोधू लागली. सापडली नाही, कारण मी ती शाळेच्या कपाटात नेऊन ठेवली होती. तुम्हाला हे सांगितलं नव्हतं. संक्रांतीला एकदा शेजारणीकडे जाऊन लावून आली, ते तिने स्वतःच तुमच्याकडे कबूल केलं. तुम्ही रागावला नाहीत, कार्डावर तारीख लिहिलीत आणि म्हणालात, आजपासून पुन्हा मोजू.

दर तीन महिन्यांनी ती येते. चट्टा विरळ झालाय, गेलेला नाही. मलाही गेल्या चार महिन्यांत एकदाच तोंड आलं, परीक्षेच्या दिवसांत.

येत्या मंगळवारी आईची तारीख आहे. सोबत ती शेजारीणही असेल. तिला मी फक्त कवळी दाखवायला नेतेय असं सांगितलंय. कवळीखाली हिरडीला महिनाभर जखम आहे आणि दुखत नाही म्हणते. आधी कवळीचंच विचारा, मग ओठ उलटा करून बघा.

आपली,
मिश्रीवाल्या आजींची मुलगी