बोळातल्या पाइपाबद्दल

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

बाबा, काल फोनवर तुम्ही चिडलात नि मी गप्प बसले, म्हणून लिहिते. पाण्याला पेट्रोलसारखा वास येतो हे आईने तिसऱ्यांदा सांगितलं, आणि तुमचं उत्तर तेच : "नवा कोरा पाइप आहे, गळतोय कुठे?"

गळत नाही, खरंय. लोखंडी पाइप गंजून तांबडं पाणी यायला लागल्यावर बदलणं भागच होतं. मीही हो म्हटलं होतं. पण ही काळी प्लॅस्टिकची नळी जाते नेमकी गॅरेजच्या बोळातून, जिथे वर्षानुवर्षं पेट्रोल-डिझेल मातीत जिरतंय. त्यातलं बेंझिन नावाचं रसायन आत यायला भोक लागत नाही. ते प्लॅस्टिकच्या अंगातच मुरतं नि हळूहळू पलीकडे पाण्यात उतरतं. लोणच्याचा वास डब्यात कसा बसतो, कितीही घासा, तसंच. त्यात आपल्याकडे पाणी येणार चार-पाच दिवसांनी, उजनी भरलेली असो की नसो. तोवर नळीत राहिलेलं पाणी तिथेच मुरत पडतं.

आई, उकळणं जंतूंसाठी ठीक. बेंझिन वाफेबरोबर उडतं, पण ती वाफ ओट्यापाशी तूच घेतेस. तुरटीनेही जात नाही. आणि वास नाही म्हणजे पाणी चांगलं, असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम, म्हणजे 10,000 लिटरच्या टँकरमध्ये जेमतेम तीन-चार थेंब. एवढ्याशा बेंझिनचा वास नाकाला कळतच नाही. बेंझिनने रक्ताचा कर्करोग होऊ शकतो, म्हणून एवढी मागे लागलेय.

सध्या प्यायला नि स्वयंपाकाला जार आणा. नळ आला की पहिल्या दोन बादल्या संडासात ओत, हौदात नको. तुझा जीव तुटेल, माहितीये.

नमुना मी आल्यावर घेऊ. काचेची बाटली काठोकाठ भरावी लागते, हवेचा बुडबुडाही चालत नाही. नेहमीच्या तपासणीत जंतू नि टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, बघतात. बेंझिन तपासा म्हणून वेगळं सांगावं लागतं.

बाबा, सगळा पाइप काढायचा नाहीये, बोळातला तेवढा तुकडा. मधे ॲल्युमिनियमचा थर असलेला मिळतो, नाहीतर तांब्याचा. पैसे पाठवलेत, मागच्यासारखे परत करू नका. शुक्रवारी रात्रीच्या सिद्धेश्वरने निघते. शनिवारी प्लंबरला बोलावून ठेवा.

आई, भाकरी मला हवीच आहे. पीठ मात्र जारच्या पाण्यात मळ.

तुमची,
सुमी